चारी चाकांचें बळ
(नभोवाणीवरील भाषण)

परभणीहून हिंगोलीकडे जाऊं लागलें म्हणजे औंढा नागनाथाच्या अलीकडे जवळा बाजार हें गांव लागतें. नांवांतच बाजार असल्यामुळें त्याचें स्वरूप निराळें सांगावयास नको. आसपासच्या खेड्यांतील कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद येथें येते, आणि खेड्यांना लागणारें सामानसुमान येथून जातें. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें तो मुंबई राज्यांत आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आला. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून हिंगोली हा नवा जिल्हा निघाला. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले. परंतु पायांखालची काळी माती बदलली नाहीं. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यांत तीच माती लोण्यासारखी मऊ होऊन चालणाऱ्याची वहाण ओढून घेते. या मातीवरून जाणाऱ्या एका वाहनाविषयीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

हें वाहन म्हणजे ज्याचीं चारी चाकें एंजिनाच्या बळानें फिरतात तें. इंग्रजी नांवानें सांगावयाचें तर फोर-व्हील-ड्राइव्ह. कल्पना जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालींच अशी एक मोटार बनविली होती. परंतु जगाला तिची खरी ओळख झाली ती दुसऱ्या महायुद्धांत, अमेरिकन सैन्याच्या जीपगाडीमुळें. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीनें मुंबईंत त्या जीपची जुळणी सुरू केली आणि ती गाडी आपल्या खेड्यापाड्यांत शिरली. तहसीलदाराची जीप, डॉक्टरांची जीप, पाटबंधाऱ्याच्या साहेबांची जीप, असें तिचें दर्शन पूर्वीं घडत असे. आतां थार, स्कॉर्पिओ अशा नांवांनीं तिचेच वंशज शहरांतील कुटुंबांच्या दारांत उभे आहेत. सुटी मिळाली, कीं नागनाथाच्या दर्शनाला, आजोळीं, किंवा शेत पाहावयास ही मंडळी अशा गाडींतून येतात. येतांना मनांत एक विश्वास घेऊन येतात : "आपल्या गाडीला चारी चाकांचें बळ आहे, आपल्याला काय भीति?"

श्रोतेहो, माझें सारें सांगणें या एका वाक्याविषयींच आहे. चारी चाकांचें बळ गाडीला चालविण्यासाठीं आहे; तिला थांबविण्यासाठीं नाहीं. ब्रेक साध्या मोटारीलाहि चारी चाकांना असतात. चालण्याच्या कामीं ही गाडी इतर गाड्यांहून श्रेष्ठ आहे, थांबण्याच्या कामीं त्यांच्यासारखीच आहे, आणि वळण्याच्या कामीं, उंच असल्यामुळें, किंचित् कमीच आहे. हें ज्याच्या लक्षांत राहिलें नाहीं, त्याला हें बळ संकटांतून बाहेर काढीत नाहीं. उलट संकटांत अधिक खोल नेऊन सोडतें.

प्रथम हें बळ चाकांपर्यंत पोहोंचतें कसें तें पाहूं. खळ्यावर मळणी चाललेली आपण पाहिली असेल. मध्यें तिवडा, आणि त्याच्या भोंवतीं बैलांची पात. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागीं पाऊल टाकतो, तर सर्वांत बाहेरच्याला जवळ जवळ धांवावें लागतें. मोटार वळते तेव्हां तिच्या चाकांचें असेंच होतें. बाहेरच्या चाकाला अधिक अंतर जावें लागतें, आंतल्याला कमी. म्हणून दोन चाकांच्या मधोमध 'डिफरेन्शियल' नांवाची एक दांतेरी योजना असते. ती दोन्ही चाकांना आपापल्या गतीनें फिरूं देते. ही सोय मोठी, पण तिच्यांत एक खोड आहे. एक चाक चिखलांत सांपडून निसटूं लागलें, कीं सारें फिरणें त्या निकामी चाकाकडेच जातें, आणि कोरड्या जमिनीवरचें चांगलें चाक स्वस्थ उभें राहतें. म्हणूनच चारी चाकें जोडलेलीं असूनहि, पुढचें एक आणि मागचें एक अशीं दोन चाकें फुकट फिरत आहेत आणि गाडी जागची हालत नाहीं, असें दृश्य दिसतें. त्या वेळीं एंजिनाचा जोर वाढविणें म्हणजे आपल्याच हातानें खड्डा खणणें होय.

यावरूनच दुसरा एक नियम निघतो. ज्या गाड्यांत पुढचीं चाकें दांडा किंवा बटण वापरून चालकानें स्वतः जोडावयाचीं असतात, त्यांत तीं कोरड्या डांबरी रस्त्यावर कधीं जोडूं नयेत. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. पण येथें पुढचा आणि मागचा दांडा एकत्र जखडलेला असतो. माती, वाळू किंवा चिखल असेल, तर चाकें थोडीं घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरण्यास वाव नसतो. मग टायर घासतात, दांत्यांवर पीळ बसतो, आणि गाडी वळणाला जड जाते. कांहीं नव्या गाड्यांत चारी चाकें नेहमींच जोडलेलीं असतात, व त्यांत या फरकाची निराळी सोय केलेली असते. आपली गाडी कोणत्या जातीची, हें तिच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेंत पाहावें. ही पुस्तिका बहुतेक घरांत कोरी करकरीत राहते, ही खेदाची गोष्ट आहे.

आतां काळ्या मातीकडे येऊं. आमच्या भागांत मोठ्या रस्त्यावरून शेतांत जाणारी जी वाट असते तिला पांदण म्हणतात. कांहीं पांदणींवर मुरूम टाकलेला असतो, पुष्कळांवर नसतो. मुरमाची वाट पावसांतहि पाय टेकूं देते. नुसत्या काळ्या मातीची वाट देत नाहीं. या मातींतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले कीं आकसतात. भेगा पडतात त्या यामुळेंच. पहिली सर आली म्हणजे वरचा थर तेवढा ओला होतो, खालची जमीन टणक राहते, आणि सारी वाट तेल लावलेल्या पाटासारखी होते. पाऊस लागून राहिला, म्हणजे माती खोलवर मऊ पडते, टायरच्या खांचांत भरते, आणि टायरचें नक्षीकाम जाऊन चिखलाचा गुळगुळीत गोळा तेवढा उरतो. टायर कितीहि महागाचा असो, त्याच्या खांचा भरल्या कीं सर्व टायर सारखेच.

अशा वाटेवर जावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं शेतकऱ्याजवळ एक शब्द आहे, आणि माझ्या मतें प्रत्येक मोटार चालविणाऱ्यानें तो शिकून घ्यावा. तो शब्द म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना फार ओली ना फार कोरडी, अशी अवस्था येते, तिला वाफसा म्हणतात. वाफसा झाल्याशिवाय कुळव धरीत नाहींत. मातीची मूठ वळून पाहावी. ती हाताला चिकटली तर थांबावें, मोकळी सुटली तर जावें. बैलाला जी जमीन चालत नाहीं, ती दोन हजार किलो वजनाच्या गाडीला कशी चालेल?

मीं स्वतः हें ज्ञान पुस्तकांतून मिळविलेलें नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, गाडी नवी असतांना, मीं तिला जवळ्याच्या शिवारांत अशाच एका पांदणींत घातली. पाऊस थांबून दोन तास झाले होते. पहिले शंभर पावलें गाडी ऐटींत गेली. साधी मोटार असती तर ती दहा पावलांवरच अडली असती आणि मी तसाच मागें फिरलों असतों. पण माझ्या गाडीच्या बळानें मला पार मध्यापर्यंत नेलें, आणि मग चारी चाकें आंसापर्यंत रुतलीं. मीं जोर वाढविला. चाकें आणखी खालीं गेलीं. शेवटीं बांधावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले. त्यांनीं गाडीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि शांतपणें म्हणाले, "दादा, बंद करा ती. जेवढी फिरवाल तेवढी पुरली जाईल." मग फावडें आलें, तुराट्यांच्या पेंढ्या चाकांखालीं गेल्या, आणि संध्याकाळीं एका ट्रॅक्टरनें ती ओढून काढली.

या ओढण्याच्या कामांतहि एक मोठा धोका आहे. ताणलेला दोर तुटला किंवा त्याचा आंकडा निसटला, तर तो गोफणीच्या धोंड्यासारखा येतो. म्हणून दोर गाडीच्या सांगाड्याला, ओढण्यासाठीं दिलेल्या कडीलाच बांधावा, बंपरला नव्हे. आणि दोराची जेवढी लांबी, त्याहून अधिक अंतरावर सर्वांनीं उभें राहावें. मौज पाहावयास जमलेल्या मुलांना प्रथम दूर करावें. दोराला हात त्यानंतर लावावा.

जावेंच लागलें, तर काय करावें? एक, उतरून वाट पायीं पाहून यावी. दोन, चिखलांत शिरण्यापूर्वींच चारी चाकें जोडून घ्यावीं, अडल्यावर नव्हे. तीन, खालचा गिअर धरून एकसारख्या मंद गतीनें जावें. मध्येंच गिअर बदलूं नये, मध्येंच थांबूं नये. चार, पूर्वींच्या गाड्यांनीं पाडलेल्या चाकोऱ्या फार खोल असतील तर त्यांत चाक घालूं नये, कारण मग गाडीचें पोट मधल्या वरंब्यावर टेकतें आणि चाकें अधांतरीं राहतात. नदीच्या कोरड्या वाळूंत टायरमधील हवा कांहीं कमी केल्यास टायर पसरतो व वाळूवर तरतो. परंतु डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वीं ती पुन्हां भरलीच पाहिजे.

मोठा रस्ता आतां चांगला झाला आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवितो. शेतांतून निघालेले ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणून टाकतात. ती वाळलेली असते तोंवर कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वर पावसाचा शिडकावा झाला, कीं तेवढ्या पट्ट्यांत डांबराचें लोणी होतें. येथें थोडें गणित करूं. ताशीं ६० किलोमीटर गतीनें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. पुढें कोरड्या डांबरावर ती आणखी सुमारें २० मीटरांत थांबेल. परंतु अशा चिखलट ओल्या पट्ट्यावर तिला जवळ जवळ ४५ मीटर लागतील. हीच गति ३० वर आणली, तर त्याच ओल्या रस्त्यावर गाडी एकंदर २० मीटरांत उभी राहते. गति निम्मी केली कीं ब्रेकचें अंतर चौथाईवर येतें, हा निसर्गाचा नियम आहे. त्यांत गाडीच्या किंमतीचा कांहीं संबंध नाहीं. गाडी आणि रस्ता यांचा संबंध येतो तो चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणीं तळहाताहून फारशा मोठ्या नसलेल्या रबराच्या तुकड्यानें.

उसाच्या हंगामांत रात्रीचा प्रवास असेल, तर आणखी सावध राहावें. उसानें भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांना पुष्कळदां मागें दिवा नसतो. आपल्या दिव्यांचा उजेड जेवढ्या अंतरापर्यंत पडतो, तेवढ्या अंतरांत गाडी उभी करतां येईल इतकीच गति ठेवावी. आणि समोरून वाहन आल्यास आपला दिवा खालीं करावा. उंच गाडीचा दिवा समोरच्या माणसाच्या थेट डोळ्यांत जातो.

औंढ्याजवळ टेकड्या आहेत, आणि पुढें आपण महाबळेश्वरास जा कीं कोंकणांत उतरा, घाट आहेतच. घाट उतरतांना सारा भार ब्रेकवर टाकूं नये. ज्या गिअरमध्यें आपण तो घाट चढलों असतों, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. एंजिनच गाडीला धरून ठेवतें. फार उभ्या कच्च्या उतारावर या गाड्यांतील 'लो' गिअर वापरावा. त्यांत गति दोन-अडीच पटींनीं कमी होते व धरून ठेवण्याचें बळ त्याच प्रमाणांत वाढतें. न्यूट्रलमध्यें गाडी सोडून पेट्रोल वांचविणाऱ्यानें आपल्या जिवाची किंमत एकदां मोजून पाहावी. वळणावर मात्र ही गाडी आपल्या उंचीची आठवण करून देते. तिचें वजन उंचावर असतें. त्यांत टपावर ट्रंका आणि पोतीं रचलीं, तर तें आणखी वर जातें. साधी मोटार जें वळण घसरत कां होईना पार करील, तेंच वळण त्याच गतीनें घेतांना ही गाडी कलंडूं शकते. म्हणून जड सामान खालीं ठेवावें, वळणाच्या आधीं गति कमी करावी, आणि पुढें-मागें बसलेल्या सर्वांनीं पट्टे बांधावे. गाडी उलटते तेव्हां पट्टा न बांधलेला माणूस बाहेर फेंकला जातो, आणि पुष्कळदां प्राणास मुकतो तो त्यामुळेंच.

आतां शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती म्हणजे पाणी.

आमच्या ओढ्यांवर फरशी पूल असतात. पावसाळ्यांत त्यांवरून पाणी वाहतें, आणि बहुधा दोन-चार तासांत उतरतें. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर हीं धरणें आहेत. धरणांतून पाणी सोडलें, कीं खालच्या गांवीं आभाळ निरभ्र असतांनाहि नदीला पूर येऊं शकतो. म्हणून आपल्या डोक्यावर पाऊस नाहीं, एवढ्यावरून पाण्याचा अंदाज करूं नये.

वाहत्या पाण्यापुढें गाडीचें काय होतें पाहा. गाडी सुमारें ४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरूं. पाणी तिच्या तळाला लागल्यावर पुढें चढणारें प्रत्येक १५ सेंटीमीटर पाणी, आंत शिरलें नाहीं तर, तिला सुमारें एक हजार किलोच्या जोरानें वर उचलतें. म्हणजे दोन हजार किलोच्या गाडीचें निम्में वजन पहिल्या अर्ध्या वितीच्या थोड्या वर पाण्यानेंच नाहींसें झालें. वजन गेलें कीं टायरची पकड गेली. पकड गेली कीं चारी चाकांचें बळ कशावर चालणार? अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा असाच आहे : एक फूट वाहतें पाणी लहान मोटारीला पुरतें, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेतें. गाडीच्या पुस्तिकेंत पाण्याची जी खोली दिलेली असते, ती संथ पाण्याची. धांवत्या पाण्याची नव्हे.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट सांगतों. माझ्या गाडींत माझा भाचा होता. पुण्यास नोकरी, गाडी चालविण्याची हौस. संध्याकाळीं आम्ही एका ओढ्याशीं आलों. फरशीवरून पाणी जात होतें. गुडघ्याच्या आंतच दिसत होतें. पलीकडे घरीं बहिणीकडे पाहुणे जेवावयाचे थांबले होते, आणि फोनवर फोन येत होते. भाचा म्हणाला, "मामा, चारी चाकें जोडा आणि घाला. अहो, गाडी कशासाठीं घेतली मग?" खरें सांगतों, माझाहि हात दांड्यावर गेला होता. परंतु ती पांदण मला आठवली. त्या दिवशींहि या बळानें मला मध्यापर्यंतच नेलें होतें. मीं गाडी मागें घेतली, आणि फांट्यावरच्या हॉटेलांत आम्ही चहा घेत बसलों. भाचा रुसला. पलीकडून बहीणहि रागावली. रात्रीं साडेदहाला पाणी उतरलें. गाडीच्या दिव्यांत आम्हीं फरशी पाहिली, तेव्हां खालच्या बाजूचा तिचा जवळ जवळ तिसरा हिस्सा वाहून गेलेला होता. वरून जाणाऱ्या गढूळ पाण्यानें तो खड्डा झांकून टाकला होता. भाचा बराच वेळ तेथें उभा राहिला, आणि मग एवढेंच म्हणाला, "मामा, आईला हें सांगूं नका."

पाण्याखालीं रस्ता आहे, असें आपण धरून चालतों. तो असेलच असें नाहीं. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानींतील पूल पुरांत कोसळला, आणि एस्.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. तेथें तर चालकांना कांहीं कळण्यास अवसरच नव्हता. जेथें पाणी डोळ्यांना दिसत आहे आणि थांबण्यास अवसर आहे, तेथें तरी आपण थांबावें. आणि दुर्दैवानें गाडी पाण्यांत बंद पडलीच, तर ती पुन्हां सुरू करण्याचा खटाटोप करूं नये; एंजिनांत पाणी ओढलें जाऊन तें मोडतें. कांचा आधीं उतरवाव्या, कारण पाणी चढल्यावर दार उघडत नाहीं. आणि गाडीचा मोह सोडून बाहेर पडावें.

श्रोतेहो, चारी चाकांची गाडी ही चांगली वस्तु आहे. अडलेल्या बाळंतिणीला, आजाऱ्याला, पुरांत सांपडलेल्या गांवाला तिचा आधार झालेला मीं पाहिला आहे. पण तें बळ राखीव ठेवावयाचें बळ आहे. साध्या गाडीनें जेथें जातां येईल असें वाटतें तेथेंच जावें, आणि अंदाज चुकला तर परत येण्यासाठीं चारी चाकें वापरावीं, असा नियम मीं त्या पांदणीच्या दिवसापासून पाळीत आलों आहें. तो आपणांसहि उपयोगीं पडो. उशिरा पोहोंचलेल्या पाहुण्याला घरचे लोक रागावतात, आणि मग पान वाढतात. त्या रागाची भीति कोणीं बाळगूं नये.